आई-वडिलांचा जन्म परदेशातला, आपला मराठवाड्यातला: वंशाच्या नात्याने नागरिकत्व कसं मिळवायचं

घरातल्या लोखंडी पेटीत आईचा किंवा वडिलांचा लंडनचा, शिकागोचा नाहीतर टोरंटोचा जन्मदाखला जपून ठेवलेला असतो. आजोबा तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेले, काही वर्षांनी सगळं बिऱ्हाड लातूरला, परभणीला परत आलेलं. आता नातवंडं वीस-पंचवीस वर्षांची झाली आणि विचारतात, या कागदावर आपल्याला त्या देशाचं नागरिकत्व मिळेल का? उत्तर देशागणिक वेगळं आहे आणि कधीकधी ते एकाच तारखेवर फिरतं. त्यात भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिकडचं घेताना इकडचं जातं. म्हणून आधी त्या देशाचा कायदा बघा, मग इथले कागद जुळवा, मग भारतात काय सुटतं त्याचा हिशेब करा आणि अर्ज सगळ्यात शेवटी भरा. बहुतेक जण अर्जापासून सुरुवात करतात आणि पासपोर्ट हातात पडल्यावर शेतजमिनीचं काय ते विचारायला वकिलाकडे जातात.

पहिला कागद कोरा घ्या

त्यावर चार गोष्टी लिहा: पालकाचा जन्म कुठे आणि कोणत्या तारखेला झाला, पालक तो देश सोडून भारतात कधी आले, आई-वडिलांचं लग्न कधी झालं, आणि तुमची जन्मतारीख. पुढचे सगळे नियम या चार तारखांवर चालतात. मूळ प्रश्न एकच असतो: तुमचा जन्म झाला त्या दिवशी तुमचे पालक त्या देशाचे नागरिक होते का?

पालकांनी इथे भारतीय पासपोर्ट काढला, तीस वर्षं मतदान केलं, म्हणून तिकडचं नागरिकत्व गेलं असं धरून चालू नका. ब्रिटनचं नागरिकत्व रीतसर अर्ज करून सोडावं लागतं. अमेरिकेचं जायला ते सोडण्याचा हेतू दिसावा लागतो. पालक हयात नसले तरी अर्ज अडत नाही, त्यांचे कागद मात्र लागतात.

आखाती देशांबद्दल लगेच सांगून टाकतो, कारण औरंगाबाद, बीड, नांदेडकडची पुष्कळ कुटुंबं तिथे राहून आली आहेत. सौदी, कुवेत, अमिरातीत भारतीय आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्याला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. त्या जन्मदाखल्यावर पुढच्या पिढीला काही मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

ब्रिटन: १ जानेवारी १९८३ ही रेघ

त्या दिवशी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा लागू झाला. त्याआधी ब्रिटनमध्ये जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण तिथला नागरिक आहे, आई-वडील कोणत्याही व्हिसावर असोत. अपवाद मुत्सद्द्यांच्या मुलांचा. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील जन्मावेळी ब्रिटिश किंवा तिथे कायमचे स्थायिक असावे लागतात. शिक्षणासाठी गेलेल्या जोडप्याला १९८६ साली लीड्सला मूल झालं, तर ते निव्वळ तिथे जन्मल्याने ब्रिटिश होत नाही. इथे बरेच जण फसतात.

समजा तुमची आई १९६८ साली बर्मिंगहॅमला जन्मली आणि तुम्ही १९९४ साली उदगीरला. तर तुम्ही जन्मापासूनच ब्रिटिश आहात. नोंदणी वगैरे काही लागत नाही, थेट प्रौढाचा पहिला पासपोर्ट मागायचा. वडिलांच्या बाजूने असेल आणि तुमचा जन्म १ जुलै २००६ च्या आधीचा असेल, तर आई-वडिलांचं लग्न झालेलं असणं हीच अट आहे. म्हणून वडिलांच्या वाटेने जाणाऱ्यासाठी लग्नाचा दाखला हा कागदांतला कणा समजा. आईच्या वाटेने गेलं तर तो केवळ नाव जुळवायला लागतो.

तुमचा स्वतःचा जन्म १९८३ च्या आधीचा असेल तर जुन्या कायद्यात आईकडून नागरिकत्व उतरत नसे. तो अन्याय नंतर दुरुस्त झाला. अशांनी यूकेएम नावाचा अर्ज करून नोंदणी करून घ्यायची असते. शपथ घेतल्यावर ते त्या दिवसापासून नागरिक होतात, जन्मापासून नव्हे. हा फरक भारतीय कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे, तो पुढे येईल.

आणखी एक: तुम्ही वंशाने ब्रिटिश झालात तरी भारतात जन्मलेल्या तुमच्या मुलांना ते आपोआप पुढे जात नाही.

अमेरिका: पालक किती वर्षं तिथे राहिले?

अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला नागरिक, हे खरं. पण तुमच्यापर्यंत ते उतरायला वेगळी अट आहे आणि मराठवाड्यातले बहुतेक अर्ज तिथेच पडतात. पालकांपैकी एकच अमेरिकी नागरिक असेल, लग्न झालेलं असेल आणि तुमचा जन्म १४ नोव्हेंबर १९८६ रोजी किंवा नंतरचा असेल, तर त्या पालकाने तुमच्या जन्माआधी एकूण ५ वर्षं अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेलं हवं आणि त्यातली किमान २ वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची हवीत. २४ डिसेंबर १९५२ पासून १३ नोव्हेंबर १९८६ पर्यंतच्या जन्मांना हाच आकडा १० वर्षं, त्यातली ५ चौदानंतरची.

आता बघा. वडील ह्यूस्टनला जन्मले, चौथ्या वर्षी आजोबांबरोबर नांदेडला आले, शाळा-कॉलेज इथेच केलं. वडील अमेरिकी नागरिक आहेत, त्यांना स्वतःला उद्या पासपोर्ट मिळू शकतो. तुम्हाला मात्र त्यांच्याकडून काही आलेलं नाही. आजोबा-आजींच्या वास्तव्याच्या आधाराने एक वाट असते, पण ती अठरा वर्षं पुरी होण्याआधी संपवावी लागते. तुमचं वय उलटलं असेल तर ती बंद झाली. घरात धाकटं भावंड सोळा वर्षांचं असेल तर त्याची फाइल आजच काढा.

अट पुरी होत असेल तर प्रौढाने डीएस-११ अर्जावर पासपोर्ट मागायचा, स्वतः वकिलातीत हजर राहून. परदेशात जन्मलेल्या मुलांची वकिलातीत होणारी जन्मनोंद अठरानंतर मिळत नाही. नागरिकत्वाचं वेगळं प्रमाणपत्र हवं असेल तर एन-६०० अर्ज आहे. मेहनत जाते ती वास्तव्याच्या पुराव्यात. शाळेची गुणपत्रकं, कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, लसीकरणाच्या नोंदी, पगाराची डब्ल्यू-२ पत्रकं, सोशल सिक्युरिटीचा कमाईचा तक्ता, जुन्या पासपोर्टवरचे शिक्के हे सगळं महिन्या-महिन्याने मांडावं लागतं. सुट्टीत भारतात आलेले दिवस त्यातून वजा होतात. काठावरचं प्रकरण दोन उन्हाळी सुट्ट्यांनी बुडतं.

अमेरिकी झाल्यावर जगात कुठेही राहिलात तरी तिथलं आयकर विवरणपत्र भरावं लागतं. परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तीही कळवावी लागते, आणि त्यात तुमचं जिल्हा बँकेतलं खातंही आलं. १८ ते २५ वयाच्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसचीही, म्हणजे गरज पडल्यास होणाऱ्या सक्तीच्या लष्करभरतीच्या यादीतली, नोंद असते.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया

कॅनडा सोपा आहे. पालक तिथे जन्मलेले असतील तर तुम्ही पहिल्या पिढीचे वंशज, म्हणून नागरिक. पालक किती वर्षं राहिले ते विचारत नाहीत. सीआयटी ०००१ हा अर्ज आणि ७५ कॅनेडियन डॉलर शुल्क भरून नागरिकत्वाचा दाखला घ्यायचा आणि त्यावर पुढे पासपोर्ट. १५ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने २००९ पासूनची पहिल्या पिढीची मर्यादा, म्हणजे नागरिकत्व परदेशात जन्मलेल्या एकाच पिढीपर्यंत उतरण्याची अट, सैल झाली. त्या तारखेआधी जन्मलेल्या पुढच्या पिढ्यांनाही आता वाट आहे. त्यानंतर परदेशात जन्मणाऱ्यांसाठी, पालकही परदेशात जन्मून वंशानेच नागरिक झालेले असतील, तर त्यांनी कॅनडात १,०९५ दिवस राहिलेलं हवं.

ऑस्ट्रेलियात वंशाने नागरिकत्व आपोआप येत नाही, ११८ क्रमांकाचा अर्ज करावा लागतो. अठरावरच्याला चारित्र्याची अट असते. पालक तिथे २० ऑगस्ट १९८६ च्या आधी जन्मलेले असतील तर त्यांचं नागरिकत्व सरळ असतं.

पालकाचा जन्मदाखला नवा मागवा

पेटीतला कागद खरा असला तरी पुरेल असं नाही. अमेरिकेतल्या इस्पितळांनी बाळाच्या पावलांचे ठसे उमटवून दिलेला सुंदर कागद ही आठवण आहे, दाखला नव्हे. दाखला त्या राज्याच्या किंवा काउंटीच्या नोंदणी कार्यालयाचा लागतो, उठावदार शिक्क्याचा. इंग्लंडचा छोटा दाखला असेल तर त्यावर आई-वडिलांची नावंच नसतात. पूर्ण दाखला मागा. त्यात वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो, आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि तेच पुढे तुमच्या आजीच्या लग्नाशी जुळवायला कामी येतं. इंग्लंड-वेल्सचा दाखला जनरल रजिस्टर ऑफिसकडून ऑनलाइन मागवता येतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची कार्यालयं वेगळी आहेत. कॅनडात प्रांत देतो, केंद्र सरकार नाही.

आपल्याकडचे कागद

खरं दुखणं इथे आहे. महाराष्ट्रात १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असायला हवी. प्रत्यक्षात बाळंतपण माहेरी झालेलं असतं आणि शोध सासरच्या गावात चालू असतो. आईचं माहेर औसा तालुक्यातलं असेल तर औशाकडे जा. नोंद गावात न सापडल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, बघायला मागा. निजाम राजवटीतल्या आणि त्यानंतरच्या काही नोंदी उर्दूत किंवा मोडीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात तालुक्या-तालुक्यात मोडी आणि उर्दू वाचणारे माहीत झाले आहेत, त्यांची मदत घ्या.

नोंद सापडली पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा, हे फार वेळा होतं. नाव घालायला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते. शासनाने ती वेळोवेळी वाढवून दिली आहे, सध्या वाढ चालू आहे का ते निबंधकाकडे विचारून घ्या. नोंदच नसेल तर आधी अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग विलंबित नोंदणीचा अर्ज. एक वर्षाहून जुन्या जन्मासाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. २०२५ पासून राज्यात या अर्जांची छाननी फार कडक झाली आहे, तेव्हा निव्वळ प्रतिज्ञापत्रावर काम होईल अशी आशा ठेवू नका.

आणि असा उशिराचा दाखला मिळाला तरी त्यावर नोंदणीची तारीख ताजी दिसते. परदेशी अधिकारी तो बाजूला ठेवून जुना पुरावा मागतात. म्हणून सोबत पहिलीच्या प्रवेशाचा निर्गम उतारा, लसीकरणाचं कार्ड, प्रसूतिगृहाच्या नोंदवहीचा उतारा, दहावीचं प्रमाणपत्र असं काहीतरी त्या काळातलं जोडा. निर्गम उतारा घेताना तारीख नीट बघा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. जन्मदाखल्यावर १७ नोव्हेंबर आणि दहावीवर १ जून असेल तर अर्ज करण्याआधी ते दुरुस्त करा.

लग्नाचा दाखला नसेल तर १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली जुनं लग्नही आज नोंदवता येतं. नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार आणायचे आणि विलंब शुल्क भरायचं. लग्नपत्रिका सापडली तर जपा, ती त्या काळातली असल्याने मोलाची असते.

नावं आणि गावं

इंग्लंडच्या दाखल्यावर आईचं नाव सुनीता वसंत शिंदे. गावच्या कागदांत आजोबा वसंतराव पाटील, कारण पाटीलकी घरात होती. लग्नात सासरी नाव बदलून आई वैशाली झाली, आणि तुमच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून वैशाली प्रकाश जाधव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात. प्रत्येक बदलाला कागद हवा: लग्नाचा दाखला, नावबदलाचं राजपत्र, दोन्ही नावं असलेला जुना कागद. राजपत्रात नाव आजपासून बदललं असं छापून घेऊ नका, जुनं आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. इंग्रजी स्पेलिंगही एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

गावाच्या नावाचंही तेच. १९७८ चा दाखला अंबड, जिल्हा औरंगाबाद म्हणतो आणि आजचा आधार जालना म्हणतो, कारण जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीमधून. त्यात आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आली. अर्जाला अर्ध्या पानाची एक टीप लावा: अमुक ठिकाण पूर्वी या जिल्ह्यात होतं, आता त्या, आणि नामांतराच्या अधिसूचनेची प्रत सोबत. एवढ्या अर्ध्या पानाने दोन महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो. अर्जात जन्मस्थान मात्र तुमच्या जन्मदाखल्यावर आहे तसंच लिहा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर अनुवादकाचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख आणि भाषांतर बरोबर असल्याच्या विधानासह करा. तुम्ही स्वतः किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा अशा अर्जांत भारतीय दाखल्यांना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का, सहसा मागत नाहीत. मागणारा देश असेल तर आधी मंत्रालयातलं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल.

भारतात काय सुटतं

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. ऑस्ट्रेलियाची मंजुरी किंवा ब्रिटनची यूकेएम नोंदणी ही सरळ स्वेच्छेची कृती आहे. जन्मतःच आलेल्या नागरिकत्वात कृती नसते, पण २००९ च्या नियमांची तिसरी अनुसूची म्हणते की परदेशी पासपोर्ट काढला हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा. तेव्हा पासपोर्टचा अर्ज हाच तो उंबरठा आहे, हे पक्कं धरा. दोन्ही पासपोर्ट बाळगणं हा गुन्हा आहे. कुणीतरी खपवून नेलं म्हणून तो तुम्हालाही खपेल असं नाही.

त्यानंतर ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) मिळू शकतं. आयुष्यभर येण्या-राहण्याची मुभा असते, मतदान आणि सरकारी नोकरी मात्र नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारशाने येऊ शकते, आधीची राहू शकते. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० मुळे खरेदीला शेतकरी असल्याची अटही आहेच. म्हणून घरात वाटणी, हक्कसोड, वारसाचा फेरफार अडकलेला असेल तर तो आधी पुरा करून सातबारावर नाव चढवून घ्या. पासपोर्टनंतर भावाने प्रेमाने दिलेला अर्धा एकरही अडचणीचा ठरतो.

लातूरला नीटची तयारी करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआय धारकाला नीट, जेईई देता येते, पण प्रवेश एनआरआय किंवा अधिसंख्य (मंजूर जागांपलीकडच्या जादा) जागांवरच. त्या तारखेआधी ओसीआय असलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलासा दिला, नव्यांना नाही. अठराव्या वर्षी हौसेने परदेशी पासपोर्ट काढलेला मुलगा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वसाधारण जागेला मुकतो. शिक्षण संपेपर्यंत थांबा. जन्मतः आलेलं नागरिकत्व थांबल्याने कुठे जात नाही.

पासपोर्ट आल्यानंतरचे दिवस

परदेशी पासपोर्ट कुरिअरने घरी येतो आणि त्यावर भारताचा व्हिसा नसतो. त्या दिवसापासून तुम्ही स्वतःच्या घरात परदेशी नागरिक असता. सरळ मुंबई विमानतळावर गेलात तर अडवतील. म्हणून ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणी व व्हिसासाठीच्या सरकारी पोर्टलवर लगेच अर्ज करा. जिल्ह्यात याचं काम पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परकीय नागरिक शाखेत चालतं, अर्जाआधीच तिथे जाऊन कागद विचारून ठेवा. मग भारतीय पासपोर्ट सरेंडर करून प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर ओसीआय मागा. भारतातून केल्यास ओसीआयचं शुल्क १५,००० रुपये. मतदार यादीतून नाव कमी करण्यासाठी नमुना ७ भरा, बँकेला आणि पॅनच्या नोंदीला कळवा. सरेंडर प्रमाणपत्राच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, ओसीआयच्या अर्जाला ती लागते आणि पुढे जमिनीच्या व्यवहारातही मागतात.